सीमारेषेवरचं गाणं : कंट्री आणि सदर्न रॉक

आपल्याकडे ‘कंट्री’ या अमेरिकी संगीताची ओळख बहुतेकांना जिम रीव्हजमुळे झाली. गोव्यात, वसईत, वांद्र्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत त्याच्या रेकॉर्ड वाजत. नाताळात तर हमखास. ३१ जुलै १९६४ रोजी विमान अपघातात तो गेला, पण कानाशी बोलल्यासारखा त्याचा आवाज इथं पुढेही कित्येक वर्षं ऐकला गेला. मीही त्याच दाराने या संगीतात शिरलो. तिथून मागे हँक विल्यम्सकडे गेलो, आणि पुढे ‘सदर्न रॉक’कडे, म्हणजे दक्षिणेतल्या तरुणांनी सत्तरच्या दशकात ब्लूज, कंट्री आणि रॉक एकत्र करून घडवलेल्या संगीताकडे.

या आवडीबरोबर एक अडचणही माझ्याकडे आली. सदर्न रॉकच्या मैफलींची जुनी छायाचित्रं पाहिली की मंचामागे अनेकदा लाल कापडावर निळी फुली आणि पांढरे तारे असलेला झेंडा दिसतो. गुलामगिरी टिकवण्यासाठी १८६१ ते १८६५ या काळात संघराज्याशी लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या सैन्याचा तो झेंडा. ज्या गिटारवर जीव जडला तिच्यामागे हा झेंडा का? हे संगीत फक्त गोऱ्या दक्षिणेचंच आहे का? हा लेख या प्रश्नाच्या शोधातून लिहिला आहे.

एक रस्ता, दोन राज्यं

ब्रिस्टल हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत विभागलेलं आहे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध राज्यांची सीमा जाते. १९२७च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर याने तिथल्या एका इमारतीत ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली आणि साधारण बारा दिवसांत १९ गायक-वादकांची ७६ गाणी नोंदवली. त्यांत डोंगराळ भागातलं कार्टर कुटुंब होतं आणि रेल्वेत काम केलेला, क्षयाने आजारी असलेला जिमी रॉजर्स होता. कंट्रीचा इतिहास सांगताना या पंधरवड्याला जन्मकाळ मानण्याची पद्धत आहे.

पण पीअर ब्रिस्टलला आला तेव्हा बाजारपेठेची विभागणी आधीच झालेली होती. १९२०मध्ये ओके कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचं ‘क्रेझी ब्लूज’ काढलं आणि ते अफाट खपलं. पीअर तेव्हा त्याच कंपनीत होता. १९२३मध्ये त्यानेच अटलांटाला जाऊन फिडलवादक जॉन कार्सनची रेकॉर्ड केली, तीही चालली. मग कंपन्यांनी दोन याद्या केल्या. कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकांसाठी जी पुढे ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरातले अडाणी, या नावाने ओळखली गेली ती दुसरी यादी. १९४९मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने त्यांची नावं बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ आणि ‘कंट्री अँड वेस्टर्न’ अशी केली. नावं सभ्य झाली, विभागणी तशीच राहिली.

वादकांच्या हातांत मात्र अशी विभागणी नव्हती. बॅन्जो हे कंट्रीचं जणू बोधचिन्ह. पण त्याचं मूळ गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यात आहे. कार्टर कुटुंबाचा प्रमुख ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरांतून फिरे, तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्याच्यासोबत असे. कार्टर शब्द उतरवून घेई आणि रिडल चाल डोक्यात ठेवी. अंगठ्याने खालच्या सुरांच्या तारांवर धून वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरायचा, ही मेबेल कार्टरची शैली पुढे असंख्य गिटारवादकांनी उचलली. तिच्या वादनावरही रिडलची छाप होती. रॉजर्सची ‘ब्लू योडल’ गाणी तर बारा मापांच्या ब्लूजच्या सांगाड्यावरच उभी आहेत. त्यातल्या नवव्या गाण्यात, १९३०मध्ये, त्याच्यामागे ट्रम्पेट वाजवणारा होता लुई आर्मस्ट्राँग. हँक विल्यम्स अलाबामात लहानाचा मोठा झाला. त्याला गिटार शिकवली रुफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंताने.

धातूचा तुकडा आणि मींड

कंट्रीचा जो सूर ऐकताच ओळखू येतो, तो स्टील गिटारचा. तो ना गोऱ्या डोंगराळांचा, ना कृष्णवर्णीय शेतमजुरांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूचा तुकडा फिरवण्याची रीत रुजली. बोटाने पडद्यावर तार दाबली की सूर पायरीपायरीने जातो. धातू सरकवला की मधल्या साऱ्या जागा ऐकू येतात. आपल्या कानांना ही मींड परकी नाही. त्यामुळेच ही हवाईची गिटार भारतातही रुजली. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये संतूर आणि बासरीबरोबर ब्रिजभूषण काब्रांची जी गिटार आपण ऐकली, ती याच घराण्यातली.

पुढे अमेरिकेत या वाद्याला पाय मिळाले. पेडल दाबलं की एखाद-दुसऱ्या तारेचा ताण बदलतो, बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात. म्हणजे स्थिर सुरांच्या सोबतीत एकच सूर वर चढत जातो. १९५४मध्ये वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने हा प्रयोग लोकांना ऐकवला आणि तो सूर कंट्रीची खूण बनला. गाणारा हुंदका आवरतो तेव्हा तो हे वाद्य पुरा करतं, असं मला नेहमी वाटतं.

नाव ज्याच्या साक्षीने पडलं

देवाणघेवाण झाली म्हणजे समता आली असं नाही, हे डीफोर्ड बेली या माउथ ऑर्गनवादकाच्या आयुष्यावरून कळतं. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर १९२५पासून शनिवारी ग्रामीण संगीताचा कार्यक्रम होई. १९२७मध्ये एकदा त्याआधी अभिजात संगीताचा कार्यक्रम झाला. ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता आमचा ‘ग्रँड ओल ओप्री’ ऐका, अशा अर्थाचं काहीसं निवेदक जॉर्ज हे बोलून गेला. तेच नाव पुढे कंट्रीच्या सर्वांत मोठ्या मंचाचं झालं. हे नाव पडलं तेव्हा वाजवायला उभा होता बेली. धावत्या आगगाडीचा आवाज तो माउथ ऑर्गनमधून हुबेहूब काढत असे. पोलिओने खुरटलेल्या देहाचा हा कृष्णवर्णीय माणूस त्या कार्यक्रमाच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक होता. दौऱ्यांवर मात्र सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९४१मध्ये त्याला काढून टाकलं गेलं आणि पुढे त्याने बूटपॉलिशच्या दुकानावर पोट भरलं. कंट्रीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याची निवड झाली ती २००५मध्ये, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

म्हणून ‘संगीताला रंग नसतो’ हे वाक्य मला पटत नाही. सुरांना रंग नसेल. पण बिदागीला, खोलीला आणि छापल्या जाणाऱ्या नावाला तो होता.

मेकनची दोन घरं

जॉर्जियातल्या मेकन गावचा ओटिस रेडिंग हा सोल संगीतातला थोर गायक डिसेंबर १९६७मध्ये विमान अपघातात गेला. त्याचा व्यवस्थापक फिल वॉल्डन हा गोरा तरुण. १९६९मध्ये त्याने कॅप्रिकॉर्न ही कंपनी काढली आणि तिच्यात आला ऑलमन ब्रदर्स बँड. सदर्न रॉकचा उगम मी इथे धरतो. या बँडमधला थोरला भाऊ ड्वेन ऑलमन अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत विल्सन पिकेटसारख्या कृष्णवर्णीय गायकांना गिटारची साथ करून तयार झाला होता. औषधाची काचेची बाटली बोटात घालून तो तारांवर सरकवत असे. बँडमध्ये दोन ड्रमवादक होते. त्यातला जेमो कृष्णवर्णीय होता आणि त्याआधी रेडिंगसोबत वाजवून आला होता. त्या काळच्या जॉर्जियात अशा मिश्र मंडळींनी एका घरात राहणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांचं ‘ॲट फिलमोर ईस्ट’ (१९७१) हे मैफलीचं ध्वनिमुद्रण मी सगळ्यांना ऐकायला सांगतो. त्यातलं ‘व्हिपिंग पोस्ट’ तेवीस मिनिटं चालतं आणि त्याची सुरुवात अकरा मात्रांच्या आवर्तनाने होते. रुद्र ताल ठाऊक असणाऱ्याला ती लगेच मोजता येईल. गाणं प्रेमातल्या फसवणुकीचं आहे, पण त्याचं नाव मात्र माणसाला बांधून फटके मारण्याच्या खांबाचं. ज्या मातीत असे खांब खरोखर उभे होते, तिथल्या गोऱ्या तरुणाला स्वतःचं दुःख सांगायला हीच प्रतिमा सुचते. तिच्यामागे जेमोचे ड्रम वाजत असतात. हे ठाऊक झाल्यावर ते गाणं पूर्वीसारखं ऐकता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ड्वेन मेकनमध्येच मोटरसायकल अपघातात गेला, चोविसाव्या वर्षी.

झेंड्याचा प्रश्न मात्र लिनर्ड स्किनर्डशी येऊन थांबतो. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा हा बँड. नील यंगने दोन गाण्यांतून दक्षिणेच्या वर्णद्वेषावर टीका केली होती. तिला उत्तर म्हणून १९७४मध्ये त्यांनी ‘स्वीट होम अलाबामा’ काढलं. मंचावरच्या झेंड्याला सुरुवातीला प्रोत्साहन दिलं ते रेकॉर्ड कंपनीने, दक्षिणी ओळख विकायला, असं बँडच्या मंडळींनी नंतर सांगितलं आहे. पण या गाण्यात मागून साथ करणाऱ्या क्लायडी किंग आणि मेरी क्लेटन या दोघी कृष्णवर्णीय होत्या. १९६३मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये चर्चवरच्या बॉम्बहल्ल्यात चार मुली मारल्या गेल्या होत्या, त्यामुळे क्लेटनचा आधी नकार होता. नवऱ्याने समजावल्यावर आपला आवाज हाच निषेध मानून ती गायली, असं तिने मुलाखतींत सांगितलं आहे.

आणि त्याच अल्बममध्ये ‘द बॅलड ऑफ कर्टिस लो’ आहे. रिकाम्या बाटल्या विकून आलेले पैसे एक गोरा मुलगा म्हाताऱ्या कृष्णवर्णीय गिटारवाल्याला देतो, त्याचं वादन ऐकतो आणि त्यासाठी आईचा मार खातो. कर्टिस लो काल्पनिक आहे. पण रुफस पेन आणि लेस्ली रिडल काल्पनिक नव्हते. बँडच्या सगळ्या लोकप्रियतेत झेंडा लक्षात राहिला आणि हे ऋण मागे पडलं. १९७७च्या विमान अपघातात मुख्य गायक रॉनी व्हॅन झँट गेला. २०१२मध्ये नव्या संचाने झेंडा सोडण्याचं बोलून दाखवलं, पण चाहत्यांच्या रागापुढे ते लगेच मागे हटले. म्हणजे विभागणीची ती रेघ आता कंपनीपेक्षा श्रोतेच जास्त जपत होते.

म्हणूनच श्रोता म्हणून माझ्यावरही काही जबाबदारी येते. झेंडा दिसला म्हणून मी रेकॉर्ड फेकून देत नाही, आणि गिटार गोड आहे म्हणून झेंड्याकडे काणाडोळाही करत नाही. कोणी कोणाला शिकवलं, कोणाचं नाव छापलं गेलं आणि कोणाचं गळलं, हे शोधत ऐकतो. बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला २०२५मध्ये ग्रॅमीचा सर्वोत्तम कंट्री अल्बमचा पुरस्कार मिळाला तेव्हा ‘हे कंट्री आहे का?’ असा वाद रंगला. त्यातल्या ‘टेक्सस होल्डेम’मध्ये रियानन गिडन्सने बॅन्जो वाजवला आहे, तोही जुन्या पद्धतीचा, पडदे नसलेला. या वाद्याचा आफ्रिकी वारसा लोकांसमोर आणण्यासाठी ती कृष्णवर्णीय कलावंत गेली कित्येक वर्षं झटते आहे. वाद घालणाऱ्यांनी पहिल्या काही सेकंदांतला तो बॅन्जो नीट ऐकला असता, तर उत्तर तिथंच होतं.