तुपाचा थेंब

काचेचा चंबू, त्यात मांसाचा रस, आणि रसावर तरंगणारे तुपाचे दोन-चार थेंब. चंबूला धक्का लागू द्यायचा नाही. काही दिवसांनी थेंबांच्या खालच्या अंगाला बारीक तंतू लोंबू लागतात, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे. हे तंतू म्हणजे प्लेगचे जंतू! चंबू हलवला की सगळं पीक तळाशी झडतं आणि रिकाम्या झालेल्या थेंबाखाली नवं पीक धरतं. आपण वरणभातावर घेतो तेच तूप.

ही शेती चालली होती भायखळ्याला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत आणि तिच्यालगतच्या व्हरांड्यात. शेतकरी होते ओडेसाहून पॅरिस, कलकत्ता करत आलेले वाल्डेमार हाफकिन. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत गाठी आलेल्या रोग्यांना पाहून 'हा प्लेगच' असं सांगणारे डॉ. व्हिएगस मूळचे गोव्याचे आणि याच कॉलेजात शिकलेले. ऑक्टोबरात हाफकिन आले आणि जानेवारीत लस तयार! आलेलं पीक तापवून मारायचं आणि ते मेलेले जंतू टोचायचे, म्हणजे शरीर शत्रूचा चेहरा ओळखून ठेवतं. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. सणकून ताप भरला, पण निभावलं. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी आपणहून पुढे झाले. परळची हाफकिन संस्था पुढची. तिचं बाळंतपण या व्हरांड्यातलं.

कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्या गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांनी ते पाहिलंच नाही. मुंबईत वैद्यकशाळा हवी म्हणून ते खटपट करत राहिले आणि १८३८मध्ये दापोडीला वारले. एरवी अशा वेळी पुतळा उभा राहतो. मुंबईकरांनी वर्गणी काढली ती कॉलेजासाठी, हे मला फार आवडतं. शेजारच्या इस्पितळासाठी जमशेटजी जीजीभॉय यांनी लाख रुपये दिले. १८४५मध्ये दोन्ही सुरू झाली. डॉ. चार्ल्स मोरहेड पहिले प्राचार्य.

१८५१मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. किती जण? आठ. प्रेताला शिवलं की आंघोळ करायची, अशा घरांतली काही मुलं रोज प्रेत फाडायला जात होती. एकदा आत डोकावायची सवय लागली की ती इस्पितळाच्या फाटकाशी थांबत नसावी, कारण त्या आठांपैकी दोघांनीच काय काय केलं पाहा. मांद्र्याचे भाऊ दाजी लाड कडूकवठीच्या तेलाने कुष्ठरोग्यांवर उपचार करत आणि उरलेल्या वेळात लेण्यांमधले शिलालेख वाचत. (उरलेला वेळ! तो त्यांना कुठून मिळायचा कोण जाणे.) व्याकरणकार दादोबांचे धाकटे भाऊ आत्माराम पांडुरंग यांनी १८६७मध्ये प्रार्थना समाज काढला. १८८३मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांत हिंदी माणसं दोनच होती: हेच आत्माराम आणि डॉ. सखाराम अर्जुन. तेही ग्रँटचेच. बैठक भरली भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात, जे उभं करायला भाऊ दाजींनी जीव टाकला होता आणि ज्याला आज त्यांचं नाव आहे.

शिकवणारेही काही कमी नव्हते. 'ग्रेज ॲनाटमी' हे जाडजूड पुस्तक डॉक्टरकीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतं. त्यातली चित्रं हेन्री व्हँडाइक कार्टर यांची. मजकूर लिहिणाऱ्या ग्रे यांना आवृत्तीमागून मानधन ठरलं, चित्रकाराची एकदाच दिलेल्या रकमेवर बोळवण झाली. १८५८मध्ये पुस्तक बाजारात आलं, त्याच वर्षी कार्टर मुंबईत आले आणि ग्रँटमध्ये शरीररचना शिकवू लागले. पुढे ते प्राचार्यही झाले. १८७७च्या दुष्काळात खेड्यापाड्यांतून उपाशी माणसं मुंबईत आली ती ताप घेऊनच. उतरायचा, आठवड्याने पुन्हा चढायचा, असा तो ताप. कार्टरनी एका रोग्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. लाल पेशींच्या गर्दीतून, त्यांना ढुशा देत, मळसूत्रासारखे पिळदार जंतू वळवळत चालले होते.

तुपाच्या थेंबाला अजून एकोणीस वर्षं होती.