अधिरथाचा मुलगा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माणूस कामावरून ओळखला जातो. व्यापारी, मुकादम, माथाडी, क्लीनर, ड्रायव्हर. क्रेनने ट्रेलरवर कॉइल ठेवली जाते, साखळ्या आवळल्या जातात, आणि ज्याच्या भरवशावर तो माल पुढे जायचा तो ड्रायव्हर टपरीवर चहा घेत नंबर लागायची वाट बघत असतो. मुंबईतल्या कर्नाक बंदर आणि दारूखान्यातला लोखंडाचा व्यापार सिडकोने इथे आणला. जागा रस्त्यांसाठी सोयीची होती. इथून द्रुतगती मार्ग पुण्याला सुटतो, एक रस्ता शीवकडे, एक जेएनपीटी बंदराकडे, आणि पळस्प्याहून गोव्याचा. या सगळ्या ड्रायव्हरांच्या लायसनचे अर्ज ज्या सरकारी पोर्टलवर भरले जातात त्याचं नाव 'सारथी' आहे. नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण महाभारत वाचलेल्या माणसाला त्या नावाशी थबकायला होतं. कारण आपल्या परंपरेतल्या सर्वांत मोठ्या शोकनायकाला आयुष्यभर एकच टोमणा ऐकावा लागला: तू सारथ्याचा मुलगा.

कर्णावर मराठीत जेवढं लिहिलं गेलं तेवढं क्वचितच कुणा एका पात्रावर लिहिलं गेलं असेल. तरीही, मूळ कथा आणि आपली आधुनिक रूपं शेजारी ठेवून वाचली की एक अडचणीची गोष्ट दिसते. त्याच्या जन्माचा प्रश्न प्राचीन कथेने जितक्या धीटपणे विचारला, तितक्या धीटपणे आपण तो पुन्हा विचारलेला नाही.

आदिपर्वातला रंगभूमीचा प्रसंग सावकाश वाचावा. राजपुत्रांच्या विद्येचं प्रदर्शन चाललंय. अर्जुनाने करून दाखवलेलं सगळं कर्ण करून दाखवतो आणि द्वंद्वाचं आव्हान देतो. तेव्हा कृपाचार्य उठतात. अर्जुन कुणाचा कोण हे रीतसर सांगून ते कर्णाला आई, बाप आणि कुळ विचारतात. प्रश्न नियमाला धरूनच आहे, आणि म्हणूनच भयंकर आहे. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन पुढे होऊन म्हणतो की शास्त्राप्रमाणे राजेपण तीन वाटांनी येतं, कुळाने, शौर्याने आणि सैन्य चालवण्याच्या ताकदीने. आणि तिथल्या तिथे कर्णाला अंगदेशाचा अभिषेक करतो. बदल्यात काय देऊ, असं कर्ण विचारतो. दुर्योधन अखंड मैत्री मागतो. राज्य मिळालं, पण ते दुसऱ्याच्या मर्जीने. पुढची सगळी शोकांतिका या एका व्यवहारात आहे.

आणि नेमका तेव्हाच कर्णाला वाढवणारा सारथी अधिरथ आत येतो. म्हातारा, घामाने भिजलेला, थरथरणारा, काठीच्या आधाराने चालणारा, अंगावरचं उपरणं घसरलेलं. नव्या राजाने काय करावं? कर्ण धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकाच्या पाण्याने ओलं असलेलं डोकं त्या म्हाताऱ्याच्या पायांवर ठेवतो. अधिरथ त्याला जवळ घेतो आणि ते डोकं पुन्हा भिजतं, या वेळी आसवांनी. हे बघून भीम हसतो. तुझ्या कुळाला शोभेल असा चाबूक हातात घे, म्हणतो. दुर्योधनाचं उत्तर तितकंच झोंबरं आहे: शूरांचा आणि नद्यांचा उगम शोधू नये, द्रोण, कृप कसे जन्मले ते ठाऊक आहे, आणि तुमचे जन्म कसे झाले तेही आम्हांला ठाऊक आहे.

मनुस्मृतीत सूताचं काम घोडे आणि रथ सांभाळण्याचं ठरलेलं आहे, आणि जन्म प्रतिलोम संकराचा, म्हणजे क्षत्रिय बाप आणि ब्राह्मण आई. पण महाभारतातला सूत काही दारिद्र्याने गांजलेला माणूस नाही. धृतराष्ट्राला युद्ध सांगणारा संजय सूतच. नैमिषारण्यात ऋषींना सगळं महाभारत ऐकवणारा उग्रश्रवा सूतच. विराटाच्या दरबारातला कीचक राणीचा भाऊ आणि सेनापती, तरी द्रौपदीच्या तोंडी तो 'सूतपुत्र'च. सत्तेच्या अगदी शेजारी बसायचं, तिचे घोडे हाकायचे, तिच्या कीर्तीच्या कथा सांगायच्या, पण तिच्या पंक्तीला बसायचं नाही, अशी ती जागा. कर्णपर्वात कर्णाचा सारथी व्हायला सांगितल्यावर मद्रदेशाचा राजा शल्य खवळून उठतो. सूतपुत्राचा रथ मी हाकू? शेवटी, हवं ते बोलायची मुभा मागून घेऊन तो लगाम धरतो आणि वाटभर कर्णाला टाकून बोलतो. समोरच्या रथावर कृष्ण तेच काम करत असतो आणि त्याचा कमीपणा कुणाला वाटत नाही. लगाम तोच, हात कुणाचा यावर त्याची किंमत.

भासाचं 'कर्णभार' याच वळणावर सुरू होतं. भासाची म्हणून ओळखली जाणारी तेरा नाटकं टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२पासून त्रिवेंद्रमहून छापली. ती सगळी एकाच हातची का, हा वाद अजून मिटलेला नाही. 'कर्णभार' एकांकी आहे, जेमतेम काही पानांचं. कर्ण शल्यासह रणाकडे निघालाय, आणि या शल्याच्या तोंडी टोमणे नाहीत, काळजी आहे. आपण कुंतीचे आणि पांडव आपले धाकटे भाऊ, हे कर्णाला ठाऊक आहे. वाटेत तो परशुरामाची गोष्ट सांगतो. ब्राह्मणालाच विद्या देणाऱ्या गुरूकडे आपण क्षत्रिय नसल्याचं सांगून प्रवेश मिळवला. मांडीवर गुरूचं डोकं असताना किड्याने मांडी पोखरली, ती सोसली, आणि त्या सोसण्यानेच बिंग फुटलं. ऐन वेळी अस्त्रं फळणार नाहीत, हा शाप मिळाला. ज्या गुरूने हे केलं त्याचं देऊळ आपल्या कोकणात आहे. कळंबोलीहून निघालेला ट्रक गोव्याच्या रस्त्याने चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट ओलांडतो. त्याआधी त्याला महाड लागतं, जिथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. विद्या कुणाला आणि पाणी कुणाला, हे दोन्ही प्रश्न एकाच रस्त्यावर, काही तासांच्या अंतराने.

मग ब्राह्मणाच्या वेषात इंद्र येतो आणि मोठी भिक्षा मागतो. कर्ण गायी, घोडे, हत्ती, सोनं, पृथ्वी, यज्ञाचं फळ आणि शेवटी स्वतःचं मस्तक देऊ करतो. इंद्र घाबरून नको म्हणतो. कवचकुंडलांचं नाव निघताच मात्र लगेच हात पुढे करतो. इथे एक गंमत आहे आणि ती मला मुद्दाम केलेली वाटते. संस्कृत नाटकात कोण कुठली भाषा बोलणार हे दर्जावरून ठरलेलं असतं. राजे, ऋषी संस्कृतात, आणि सहसा स्त्रिया, नोकरचाकर, विदूषक प्राकृतात. 'कर्णभारा'त देवांचा राजा, तोही ब्राह्मणवेषात, प्राकृत बोलतो. सूतपुत्र बोलतो संस्कृत. मागणारा कोण आणि देणारा कोण, हे प्रेक्षकाला नुसत्या कानाने कळावं. दान देऊन झाल्यावर कर्ण शल्याला रथ अर्जुनाकडे घ्यायला सांगतो आणि नाटक संपतं. मरण रंगमंचावर येतच नाही.

आता मराठीकडे येऊ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६मध्ये पुरी झाली. पुढच्याच वर्षी, १९६७ला, दोन मराठी पुस्तकं आली: शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. शिरवाडकरांचं 'कौंतेय' नाटक त्याआधी आलं होतं, रणजित देसाईंचं 'राधेय' त्यानंतर १९७३मध्ये. मराठी घराघरात पोचला तो सावंतांचा कर्ण. आजऱ्याकडच्या एका तरुण शिक्षकाने सहा जणांच्या तोंडून सांगितलेली ही कथा. त्यांत कर्णाचा भाऊ शोण बोलतो, बायको वृषाली बोलते. महाभारताने कर्णाच्या बायकांची नावंसुद्धा सांगितलेली नाहीत, तिथे तिला बोलायला अख्खा भाग मिळाला. हे सावंतांचं श्रेय थोर आहे.

पण चिकित्सक आवृत्तीने एक घाव घातला, त्याची वाचकांत फारशी चर्चा झाली नाही. द्रौपदीस्वयंवरात कर्ण धनुष्य उचलतो आणि मी सूताला वरणार नाही असं द्रौपदी भर सभेत सांगते, हा प्रसंग आपल्याला पाठ आहे. आदिपर्वाचं संपादन खुद्द वि. स. सुखटणकरांनी केलं, आणि हा प्रसंग त्यांच्या मुख्य पाठात नाही. मागाहून घातलेला म्हणून तो तळटीपेत गेला. उलट तिथे कर्ण-शल्यांसारख्या नामांकितांना धनुष्य वाकवता आलं नाही, असाच उल्लेख येतो. याचे परिणाम दूरवर जातात. द्यूतसभेत द्रौपदीला वाईट शब्द वापरणारा आणि तिची वस्त्रं काढायला सांगणारा कर्णच. तिने केलेल्या अपमानाचा वचपा, अशी त्याची बाजू आपण घेत आलो. तो अपमानच मूळ पाठात नसेल तर ही पळवाट बंद होते. जन्मावरून ज्याला हिणवलं गेलं तो, हातात सत्तेचा आधार येताच, दासी झाली म्हणून एका बाईला हिणवतो; इतकंच उरतं. इरावतीबाई कर्णाला झुकतं माप देत नाहीत ते मला पटतं. कादंबरीला नायक स्वच्छ लागतो, महाकाव्याला लागत नाही.

सर्वांत अडचणीचा मुद्दा जन्मरहस्याचा. आधुनिक कथांमध्ये कर्णाची कुंडलं पहिल्यापासून झळकत असतात, अंगाला सूर्याचं तेज असतं. वाचक हळहळतो तो राजपुत्राला सारथी समजलं गेलं म्हणून. पण तो खरोखरच अधिरथाच्या पोटचा असता तर? मग कृपाचार्यांचा प्रश्न बरोबर ठरला असता का? दलित साहित्याने कर्णापेक्षा एकलव्याला आणि शंबूकाला जास्त जवळ केलं, त्याचं कारण इथेच असावं. त्या दोघांच्या पाठीशी कुठलाही देव बाप म्हणून उभा राहत नाही.

ग्रीकांकडेही टाकलेलं मूल आहे. सोफोक्लिसचा राजा ओयदिपौस (पु. लं.नी तो त्याच नावाने मराठीत आणला) आपण दत्तक असल्याचं कळताच म्हणतो की माझा जन्म हलका निघेल म्हणून राणीला लाज वाटतेय, पण मी दैवाचं लेकरू आहे आणि शोध थांबवणार नाही. खरा जन्म कळतो आणि तो उद्ध्वस्त होतो. कर्णाला खरा जन्म कळतो आणि तो जागचा हलत नाही.

उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेऊन सगळं सांगतो. तू ज्येष्ठ पांडव. युधिष्ठिर चवरी ढाळील, भीम छत्र धरील, अर्जुन तुझा रथ हाकील. द्रौपदीही सहाव्या पाळीला तुझ्याकडे येईल, असंही तो सांगतो, आणि देण्याच्या वस्तूंत तिलाही मोजतो. कर्णाचं उत्तर घरातलं आहे. मला बघताच अधिरथाच्या बायकोला, राधेला, पान्हा फुटला, माझं शी-शू तिने काढलं. अधिरथाने माझं बारसं केलं, सूतांच्या मुलींशी लग्नं लावून दिली. मला मुलं-नातवंडं आहेत. सगळ्या पृथ्वीसाठी आणि सोन्याच्या राशींसाठीही हे नातं मी मोडणार नाही. पुढे कुंती भेटायला येते तेव्हा सत्य माहीत असूनही तो स्वतःची ओळख राधा आणि अधिरथाचा मुलगा म्हणून करून देतो. ज्या ओळखीने रंगभूमीत मान खाली गेली, तीच तो आता आपणहून सांगतो. माझ्या मते कर्णाच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा क्षण आहे, कवचदानाहूनही मोठा. आणि आधुनिक कथा त्याच्यावरून भरधाव पुढे जातात, कारण त्यांना रणभूमीवर पोचायचं असतं.

दिलेली ओळख आणि मिळवलेली ओळख यांतला फरक कळंबोलीच्या जुन्या गाववाल्यांना समजावून सांगावा लागत नाही. १९७०मध्ये सिडको आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या आणि आगरी-कोळी शेतकऱ्याला 'प्रकल्पग्रस्त' हे नवं नाव मिळालं. ते नाव सत्तेने दिलं होतं, दाखल्यावर शिक्का मारून. पण १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरण तालुक्यात जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. कर्णाला अंगदेश मिळाला तो मेहेरबानी म्हणून, म्हणून तो जन्मभर फेडत राहिला. साडेबारा टक्के भांडून घेतलेले आहेत. त्यांचं पुढे काय झालं, कुणी विकले, कुणी इमले चढवले, हा वेगळा लेख होईल.

युद्धानंतर स्त्रीपर्वात गांधारी रणभूमी दाखवत जाते, तेव्हा कर्णाच्या प्रेतावर पडून रडणारी त्याची बायको दिसते. तर्पणाच्या वेळी कुंती तोंड उघडते आणि कर्ण पांडवांचा थोरला भाऊ म्हणून जाहीर होतो. मेल्यावर त्याला राजघराण्याचं कुळ मिळालं. राधेचा आक्रोश मात्र तिथे कुठेच नाही. पनवेलच्या फडके नाट्यगृहात दरवर्षी एकांकिका होतात, कॉलेजची मुलं कर्ण, कुंती, अश्वत्थामा पुन्हा पुन्हा घेऊन येतात. त्यांना एकच विनंती: या वर्षी कुंतीला थोडी विश्रांती द्या आणि राधेवर लिहा. उद्योगपर्वातलं कर्ण-कृष्णाचं बोलणं आधी वाचा, मालिका नंतर बघा.