ऑटोमॅटिक फोर बाय फोर आणि जांभ्याचा उतार

श्रीवर्धन-दिवेआगरच्या डोंगरांतल्या कच्च्या उतारांवर जांभ्याची सुटी खडी असते. जोरात ब्रेक दाबला की गाडी घसरते आणि स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून थारसारखी ऑटोमॅटिक गाडी उतार लागण्याआधीच थांबवून ‘फोर लो’त टाका आणि मॅन्युअल मोडवर पहिला गिअर धरा, नुसत्या ‘डी’त गिअरबॉक्स वरचा गिअर घेऊ शकतो. मग इंजिनच चारही चाकांना रोखून धरतं. टॉर्क कन्व्हर्टरमुळे हा रोध मॅन्युअल गाडीपेक्षा कमी पडतो हे खरं, पण त्याला हलक्या ब्रेकची जोड पुरते. ‘हिल डिसेंट कंट्रोल आहे की!’ असं कुणी म्हणेल. सोय उत्तमच, पण ती ब्रेकच वापरते आणि लांब उतारावर ब्रेक तापतात. गाडी आडवी होऊ लागली तर ब्रेक सोडा, किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्या. न्यूट्रल मात्र कधीच नको.