‘वय झालं’ म्हणण्याआधी

नागपुरात जरीपटका असो की सदर, पाय जमिनीला चिकटल्यागत चालणारे आजोबा दिसले की आपण ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतो. त्यात विसरभोळेपणा वाढला, लघवीवरचा ताबा सुटला, तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचल्याची शंका घ्यायलाच हवी. कोलंबियाच्या सालोमोन हाकीम यांनी १९६५ मध्ये या आजाराची मांडणी केली. तरी तो आजही म्हातारपणाच्या नावावर खपतो.

यावरचा उपचार म्हणजे शंट, साचलेलं पाणी दुसरीकडे वळवणारी नळी. ‘या वयात डोकं उघडायचं?’ हा त्यावरचा आक्षेप रास्त, पण अर्धवट माहितीवरचा. नेहमीच्या शंटला कवटीत लहानसं छिद्र पुरतं. कमरेतून पोटात नळी सोडली तर तेही नको. जपानमध्ये ९३ रुग्णांवर हेच करून पाहिलं. २०१५ च्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांत लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६५ टक्के सुधारले, थांबवून ठेवलेल्यांपैकी फक्त ५ टक्के. मांडीच्या शिरेतून बसवायचा शंट अजून चाचण्यांत आहे. त्यासाठी ताटकळण्यात मला शहाणपण दिसत नाही. नळी तुंबते, पाणी जास्त उपसलं जातं, हे खरंच. म्हणून आधी कमरेतून ३० ते ५० मिली पाणी काढून चाल सुधारते का, ते पाहतात. शासकीय मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात जा की खासगीत, चालण्याचा व्हिडिओ मात्र सोबत न्या.