ताण कशाचा?

वसंत ऋतू कवींनी कितीही वाखाणला असला, तरी आमच्या रत्नागिरीत तो वर्षातला सर्वांत धावपळीचा काळ. आंबा कोणासाठी थांबत नाही. सकाळी तोडणी, दुपारी निवड, आणि सायंकाळी पेट्या भरून ट्रक वाशीच्या बाजाराकडे सुटला की उजाडायच्या आत तो तेथे पोहोचलाच पाहिजे. अशाच एका ट्रकवरचा चालक काही वर्षांपूर्वी युनियनच्या खोलीत येऊन बसला. छाती धडधडते, झोप येत नाही, पोरांवर विनाकारण हात उगारला जातो, अशी त्याची तक्रार. आम्ही म्हटले, "रात्रीचा कशेडी घाट म्हणजे असे व्हायचेच." तो म्हणाला, "घाटाचं काय नाय हो भाऊ, घाट मला पाठ आहे. आज गाडी कधी सुटणार, उद्या घरी की परत फेरी, हे कोणी सांगत नाय. फोन वाजला की पोटात गोळा येतो."

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. तेथे जे वाचले होते त्याचा अर्थ आम्हांस ह्या चालकाने सांगितला.

मॉन्ट्रियल येथील हान्स सेल्ये ह्या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी असो, जखम असो की अतिश्रम, उंदराच्या शरीरात बदल तेच: मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी वाढलेल्या, जठरात व्रण. संकट दिसले की ह्या ग्रंथी रक्तात रस सोडतात; हृदय जलद चालते, रक्तात साखर वाढते, पचन मंदावते. पळण्यास किंवा झुंजण्यास ही तयारी उत्तमच. वाघ निघून गेला की शरीर पुन्हा निवते. पण फोन खिशातच राहतो, त्याचे काय करावयाचे?

मोठ्या साहेबांस ताण फार, असे आपण समजतो. इंग्लंडात १९६७ पासून सुमारे १८ हजार सरकारी नोकरांची पाहणी झाली. हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण साहेबांपेक्षा शिपायांच्या पायरीवर तिपटीहून अधिक निघाले! विडी-सिगारेटचा हिशेब वजा केला तरी फरक पुरता मिटला नाही. पुढच्या पाहणीत मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की, स्वतःच्या कामावर ज्याची सत्ता कमी, त्याच्या हृदयाला धोका अधिक.

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, तेव्हा ही पाहणी कोठे होती? तरीही त्यांनी आठवड्याच्या सुटीचा ध्यास घेतला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. त्या सुटीत विश्रांती होतीच. पण ती अमुक दिवशी मिळणार हे आधी ठाऊक असणे, हाही मोठा लाभ होता. (हा रविवार स्वयंपाकघरापर्यंत मात्र अजून पोहोचलेला नाही. काजूच्या कारखान्यातून घरी आलेल्या बाईस विचारून पाहावे.)

दीर्घ श्वसन, पुरेशी झोप, मांडवीच्या किनाऱ्यावर तासभर चालणे, ह्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. रक्तदाब वाढल्यावर आम्हीही ते करू लागलो. दुसऱ्यांच्या तासांसाठी भांडणाऱ्या आमच्या झोपेस स्वतःचा तास नव्हता, हे डॉक्टरांनी दाखवून दिले तेव्हा मान खाली घालावी लागली. तथापि दिवसभर धाकात राहणाऱ्यास 'मन शांत ठेव' एवढेच सांगणे आम्हांस पटत नाही. आधी धाक कशाचा ते विचारावे; तो उच्चारला की निम्म्या वेळा त्यावर काही करता येते.

त्या चालकास घेऊन आम्ही मालकाकडे गेलो. मालकही सुखात नव्हता. भाव पडण्याच्या भीतीने त्याचीही झोप उडालेली. दोन बैठकांनंतर ठरले की, गाडी सुटण्याची वेळ दुपारी चारपर्यंत सांगावयाची, आणि दोन फेऱ्यांनंतर एक रात्र घरी. त्या रात्री बदली चालक. त्याची मजुरी कोणी द्यावयाची ह्यावरच वाद अधिक झाला. शेवटी ती मालकाने दिली.

पुढच्या हंगामात चालक भेटला. झोप येते म्हणाला. धाकटी पोरगी पुन्हा जवळ येऊन बसू लागली आहे. फोन वाजला की मात्र अजून दचकतो.