हँडल लॉक केलं म्हणजे गाडी सुरक्षित? हंगामाला निघण्याआधी हे वाचा

बीड : दिवाळीच्या आसपास वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. घर पाच-सहा महिने बंद असतं आणि दुचाकी दारात किंवा भावकीतल्या कुणाकडे उभी राहते. हँडल लॉक केलं की झालं, असं अनेकांना वाटतं. पण हे कुलूप नेमकं किती भक्कम असतं?

आत काय असतं?
दुचाकीचा स्विच, दुकानातलं काचेचं शोकेस, टेबलाचा ड्रॉवर यांना बहुधा 'वेफर' कुलूप असतं. त्याच्या फिरणाऱ्या भागात पातळ धातूच्या पट्ट्या आणि बारीक स्प्रिंगा असतात. चावी नसेल तर पट्ट्या बाहेर येऊन खाचेत अडकतात. बरोबर चावी घातली की सगळ्या आत सरकतात आणि कुलूप फिरतं. चावीला दोन्ही बाजूंनी दाते असतील तर पट्ट्या दोन्हीकडून अडकतात.

कच्चा दुवा कुठे?
या पट्ट्यांना मुळातच थोडी ढील असते. वापराने चावी झिजते, पट्ट्याही झिजतात. म्हणूनच कधी कधी एका गाडीची चावी दुसरीला लागते. चावी हरवली की चावीवाला कुलपावर हलका ताण देऊन आकड्याने पट्ट्या बसवतो, नाहीतर वेगवेगळ्या दात्यांच्या चाव्या हलवून पाहतो. दोन्हीकडच्या पट्ट्यांमुळे त्याचं काम थोडं वाढतं, एवढंच. चोरही याच ढिलाईचा फायदा घेतो. घरफोडीची हत्यारं रात्री योग्य कारणाशिवाय बाळगणं हा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार गुन्हा आहे.

काय करावं?
- चाकातून जाड साखळी घालून ती खांबाला बांधा. तिला वेगळं, चांगलं लिव्हरचं कुलूप लावा.
- बॅटरी काढून घरात ठेवा.
- कुलपात तेल ओतू नका, त्यावर धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड वापरा.
- नवी चावी झिजलेल्या चावीवरून नको, कंपनीच्या दुसऱ्या चावीवरून करून घ्या.
- आरसी आणि चेसिस नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. चोरी झाली तर लगेच ११२ वर फोन करा.

स्विचचं कुलूप चोराचा फक्त वेळ खातं. गाडी वाचवायची तर दुसरं कुलूप हवंच.