चार उरले की हरलो

खेळ साधा आहे. दोघांच्या मध्ये तेरा चिंचोके मांडायचे. पाळी आली की एक, दोन किंवा तीन उचलायचे. पास म्हणायची सोय नाही. शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती, तो जिंकला. तिसरी-चौथीच्या मुलांना नियम मिनिटभरात कळतात आणि वर्गात एकच गलका सुरू होतो.

सुरुवातीला मुलं सपाटून तीन-तीन उचलतात. जास्त घेतलं की जिंकू, हा त्यांचा हिशेब. मग कुणी जाहीर करतं, 'जो पहिला उचलतो तोच जिंकतो.' शेजारची जोडी ते लगेच खोटं पाडते. मी बाकांमधून फिरत एवढंच विचारतो, "आपण हरणार, हे तुला केव्हा कळलं?" आधी उत्तर येतं, "शेवटी." दोन-चार डावांनंतर एखादी मुलगी बोटाने चिंचोके मोजून म्हणते, "सर, माझ्यापुढे चार उरले की मी हरलेच. मी एक घेतला तर हा तीन घेतो, दोन घेतले तर दोन, तीन घेतले तर एक."

चारच्या पाढ्याकडे बघा, असं सांगून टाकावंसं नेमकं इथेच वाटतं. पण सांगितलं की मुलं युक्ती पाठ करतात आणि विचार तिथेच थांबतो. त्यापेक्षा अडलेल्या जोडीपुढचे चिंचोके कमी करावेत. पाचांनी खेळा, मग सहांनी, सातांनी. पहिला जिंकू शकतो का, ते वहीत लिहा. आठांशी गाडी अडते. पहिल्याने काहीही केलं, तरी दुसरा चार उरवतोच. चार, आठ... आणि मागून कुणीतरी ओरडतं, "बारा!" तेरांतून पहिल्यांदा एकच उचलायचा, हे आता सांगावं लागत नाही.

मग नियम बदलायचा. एक किंवा दोनच उचलता आले तर? शेवटचा उचलणारा हरला तर? चारच्या पाढ्यावर विसंबलेली मुलं इथे फसतात. आधी कारण शोधलेली मुलं सावरतात. म्हणून आमच्याकडे एक अट आहे: जिंकणाऱ्याने 'का जिंकलो' हे समोरच्याला पटवल्याशिवाय पुढचा डाव मांडायचा नाही.

वजाबाकीच्या सरावासाठी मी कापरेकरांकडे जातो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (1905–1986) देवळालीच्या शाळेत शिक्षक होते आणि चार अंकी संख्यांमधलं 6174 त्यांच्या नावाने जगभर ओळखलं जातं. चौथीला तीन अंकी रूप पुरतं. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. 731 मधून 137 गेले, 594. 954 मधून 459 गेले, 495. पुढे कितीही वेळा करा, 495 च येतं.

एरवी हातच्याच्या वजाबाकीची दहा उदाहरणं घातली की मुलं कंटाळतात. इथे 495 गाठायला आपणहून तेवढी करतात. कुणी 211 घेतं आणि 99 वर अडकतं. 99 उलटं केलं तरी 99 च, मग उत्तर शून्य. दशकाच्या आधी शतकाची रिकामी जागाही मोजायची, 099 लिहायचं, हे ठरेपर्यंत जोरदार वाद होतो. तसं लिहिलं की 990 वजा 099, म्हणजे 891, आणि गाडी 495 कडे निघते. थोड्या वेळाने कुणाच्या तरी लक्षात येतं की प्रत्येक उत्तरात मधला अंक 9 आहे आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही 9. तिथून वर्गाची वागणूक बदलते. मधे 8 आला की मूल वही घेऊन माझ्याकडे येत नाही. हातचा कुठे चुकला, ते स्वतःच शोधतं.

खेळ निवडताना मी हेच बघतो. चूक-बरोबर ठरवायला शिक्षक लागत असेल, तर तो रंगीत कागदात गुंडाळलेला स्वाध्यायच. पाढे खेळाने सुटत नाहीत. ते यावेच लागतात. गोंगाट होतो, तासही अपुरा पडतो. पण परवा चिंचोके भरताना एका मुलाने विचारलं, "तिघं खेळले तर?" चार उरवून आता भागत नाही, कारण मधे तिसरा आहे आणि तो कुणाला जिंकवेल याचा नेम नाही. डबा पुन्हा उघडावा लागला.